गटाराच्या मीटिंगा

परवा आमच्या कळव्यातल्या सोसायटीत सी विंगचा फ्लॅट भाड्याने बघायला एक जोडपं आलं होतं. दोघं नोकरी करणारी, एक लहान मुलगी. नाव कळल्यावर एजंटला निरोप गेला, 'मालकांचा विचार बदललाय.' मालक बिचारे पुण्यात, त्यांना पत्ताच नाही. कमिटीने परस्पर ठरवलं. मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसलो, हे आधीच कबूल करतो.

मुंब्रा आमच्यापुढचंच स्टेशन. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून जीव मुठीत धरून निघालेली कितीतरी मुसलमान कुटुंबं तिथे येऊन राहिली आणि वस्ती भराभर वाढली. आपणच दारं लावायची आणि वर 'ते लोक एकत्रच राहतात' म्हणायचं!

माझे बाबा भिवंडीत एका लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मेहताजी होते; हिशेब आणि देखरेख बघायचे. १९७० आणि १९८४, दोन्ही दंगलींची राख त्या गावाने पाहिलेली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. हिंदू-मुसलमान निम्मे निम्मे, सोबत पोलीस. बाबा त्यांना 'गटाराच्या मीटिंगा' म्हणायचे, कारण भाषणं कमी आणि तुंबलेलं गटार, नळाला न येणारं पाणी, मिरवणुकीचा रस्ता यावरच तासन् तास वाद. एकदा एक सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे) चाचा आणि एक गणेश मंडळवाले ढोलाच्या वेळेवरून इतके भांडले की चहा गार झाला. पुढच्या बैठकीला दोघं पुन्हा हजर.

डिसेंबर ९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी मात्र शांत राहिली. बाबांचं म्हणणं साधं होतं. अफवा आली की खरं-खोटं विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस होता. शिवाय सूत एकाचं, लूम दुसऱ्याचा, कारागीर तिसऱ्याच गावचा. लूमचा खटका बंद पडला की सगळ्यांचीच चूल थंड.

एकता दौड, मेणबत्त्या, हातात हात घातलेले फोटो यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही, तो यामुळेच. एक दिवस गळ्यात गळे घालणं सोपं असतं. महिन्यामागून महिने त्याच माणसाशी पाण्यावरून हुज्जत घालायला तो आधी शेजारी तर हवा! आता हेही खरं की पोलिसांनी उभं केलेलं काम बरंचसं साहेबावर अवलंबून असतं. साहेब बदलला की खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात.

काल शेवटी धीर करून एजंटला फोन केला. म्हटलं, मालकांशी मी स्वतः बोलतो, त्या जोडप्याला पुन्हा बोलवा. तो म्हणाला, "साहेब, त्यांनी तिकडे मुंब्र्यात, कौशाला टोकन दिलंसुद्धा."