फ्लॅप्स टाकणाऱ्याला शिव्या देण्याआधी

मंडळी, आयएल-२ (दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढाईचा कॉम्प्युटर गेम) खेळणाऱ्या आपल्या लोकांचं एक रडगाणं आता ऐकवत नाही. विमान पडलं की व्हॉइस चॅटवर सुरू: "तो याकवाला फ्लॅप्स टाकून वळत होता रे, ह्याला काय फायटिंग म्हणतात?" (याक म्हणजे रशियन लढाऊ विमान.)

म्हणतात. विमानात जे दिलंय ते वापरणं म्हणजे चीटिंग नव्हे. पी-३८ लाइटनिंगच्या फ्लॅप्सना अमेरिकनांनी मुद्दाम लढाईसाठी वेगळी सेटिंग दिली होती. जपानचं की-४३ हायाबुसा त्याच्या 'फुलपाखरू' फ्लॅप्ससाठीच ओळखलं जातं, आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतातून उडणाऱ्या ब्रिटिश बनावटीच्या हरिकेन विमानांची गाठ ह्याच विमानाशी पडायची. जपानच्याच शिदेन-काई विमानात तर पाऱ्याची यंत्रणा होती. पायलटने हातही लावायचा नाही, फ्लॅप्स आपोआप खाली-वर. म्हणजे ज्यांचा जीव खरोखर टांगणीला होता त्यांनाही हे चालत होतं, आणि आपण खुर्चीत बसून नाक मुरडतो.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: विमान उतरताना खिडकीतून पंखाची मागची कड खाली सरकताना दिसते ना, तेच फ्लॅप्स. त्यांनी पंखाची उचल वाढते, पण हवेचा अडथळाही वाढतो. सगळी भानगड ह्या 'पण'मध्ये आहे.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. समजा एखादं फायटर सरळ उडताना ताशी १६० किमीला स्टॉल होतं, म्हणजे त्याहून हळू गेलं तर पंखाची उचल तुटते. मग ताशी ३२० ला ते वळताना जास्तीत जास्त ४ जी (वजनाच्या चौपट जोर) ओढू शकतं. फ्लॅप्स टाकून स्टॉलचा वेग १४५ वर आला, की त्याच ३२० ला जवळजवळ ४.९ जी मिळतात. तुम्ही स्टिक (विमान वळवायचा दांडा) पोटात खुपसली तरी फ्लॅपवाला तुमच्या वळणाच्या आत शिरतो तो ह्यामुळे. पण तेच विमान ४०० च्या वर असेल तर बिनफ्लॅपचं सुद्धा ६ जी ओढतं, आणि तिथे पायलटच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. जास्तीची उचल घेऊन करणार काय? शिवाय तेवढ्या वेगात बहुतेक विमानांचे फ्लॅप्स टिकत नाहीत. वॉर थंडर ह्या दुसऱ्या गेममध्ये ते सरळ तुटून जातात. आयएल-२ मधल्या याक-१ चे हवेच्या दाबावर चालणारे फ्लॅप्स वाऱ्याच्या जोराने मागे ढकलले जातात, पूर्ण उघडतच नाहीत. अमेरिकन पी-५१ला १० अंश फ्लॅप्स ताशी ४०० मैलांपर्यंत (साधारण ६४० किमी) चालायचे, पण तो अपवाद, आणि तेही फक्त १० अंश.

म्हणजे फ्लॅपवाल्याचं राज्य हळू वेगाच्या एका पट्ट्यापुरतं आहे. आपले लोक काय करतात? त्याच्या मागोमाग त्याच पट्ट्यात उतरतात. तो आडवा वळला की हेही आडवे वळतात, तो आणखी आवळतो, हे आणखी ओढतात, विमान थरथरायला लागतं, एक पंख खाली झुकतो आणि मग चॅटवर वरचं रडगाणं.

तुम्ही त्याच्या मागे आहात आणि त्याचं वर्तुळ अचानक लहान झालं, तर आधी झूम करून पंखाची मागची कड बघा. नाकावरूनही कळतं: एवढं घट्ट वळताना नाक जितकं उचललेलं दिसायला हवं तितकं दिसत नाही. फ्लॅप्स दिसले की ओढणं सोडायचं. वळण थोडं सैल करून नाक वर, त्याच्या वर्तुळाच्या डोक्यावर. ह्याला हाय यो-यो म्हणतात आणि सगळ्यांना नावाने माहीत असतो, पण करतात उशिरा, त्याला ओलांडून पुढे गेल्यावर. तो तीन-चारशे मीटरवर असतानाच करायचा. वर गेलात की तुमचा वेग साठून राहतो उंचीच्या रूपात. ताशी ४०० चा वेग म्हणजे कागदावर साधारण ६३० मीटर उंची, २०० चा म्हणजे जेमतेम १६०. वेगातला फरक दुपटीचा, उंचीतला चौपट. खाली फ्लॅप्स टाकून २०० वर घरंगळणारा तुमच्या मागे नाक उचलूच शकत नाही. उचललंच, तर वर जाऊन लोंबकळतो, आणि त्याहून सोपं लक्ष्य नाही.

तो मागे असेल तर प्रकरण अवघड. दोनशे मीटरवरून सरळ पळ काढलात तर पाठीत गोळ्या. आधी त्याच्या वळणाच्या पातळीतून बाहेर पडा, मग खाली जाणारं सर्पिल घ्या. वेग वाढत जातो आणि त्याला फ्लॅप्स आत घ्यावे लागतात, नाहीतर गमवावे लागतात. १०९ (जर्मन मेसरश्मिट) असेल तर त्याला फ्लॅप्ससाठी चाक फिरवत बसायचंय, तो वेळ तुमचा. कात्री, म्हणजे एकमेकांची वाट कापत आलटून-पालटून वळत राहणं, मात्र कधीच खेळू नका. जो जास्त हळू उडू शकतो तो कात्री जिंकतो, आणि हळू उडणं हाच त्याचा धंदा आहे.

ह्या सगळ्याला उंची लागते, हे मान्य. झाडांच्या शेंड्यांवर, दोघेही ताशी अडीचशेला, तुमचा विंगमन (जोडीने उडणारा साथीदार) भलतीकडेच, असं असेल तर फ्लॅपवाला जिंकणार. विंगमन जवळ असेल तर चित्र उलटं होतं, कारण एकाला मारण्यासाठी सगळा वेग खर्चून बसलेला माणूस दुसऱ्यासाठी हवेत टांगलेला असतो. जपानचं झीरो विमान आपल्यापेक्षा घट्ट वळतं हे कळल्यावर अमेरिकन नौदलाच्या जॉन थॅचने १९४१ साली हाच हिशेब मांडला आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत वापरला. दोन विमानं एकमेकांकडे वळत राहायची, एकाच्या मागे लागलेला दुसऱ्याच्या बंदुकांपुढे येतो. आपल्याकडे विंगमन म्हणजे किल चोरणारा मित्र, हा वेगळ्या पोस्टचा विषय.

एक तक्रार मात्र मलाही मान्य आहे. खऱ्या १०९ मध्ये सीटच्या डावीकडे चाक होतं. ते हाताने फिरवायचं, म्हणजे थ्रॉटलवरचा (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा) हात काढायचा, तोही भर वळणात जी अंगावर घेऊन. आपण बटण दाबून धरतो, आणि थ्रॉटलही हातातच. एवढी सवलत गेमने द्यायला नको होती. हात एका वेळी एकाच कामाला, असा काही नियम आला तर निम्मे फ्लॅपवाले गायब होतील असा माझा अंदाज आहे.

शनिवारी रात्री कुणाला सराव करायचा असेल तर कमेंटमध्ये हात वर करा. मी याक-१ घेतो, फ्लॅप्सही टाकतो. तुम्ही १०९ एफ-४ घ्या, तीन हजार मीटरवरून सुरुवात, आणि आडवं वळायचं नाही एवढीच अट.