जमिनीवरची अवरक्त दुर्बीण बाद झालेली नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: ‘वातावरण अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे) किरण अडवतं, दुर्बीण स्वतःच उष्णतेने चमकते, आणि अवकाशातली वेब दुर्बीण आल्यावर जमिनीवरून मध्य-अवरक्त निरीक्षण म्हणजे पैशाचा चुराडा.’ आमच्या दादरच्या आकाशप्रेमींच्या ग्रुपवर तो तीनदा आला. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो लगेच पटतो.

वातावरण अडवतं, पण सरसकट नाही. ८ ते १३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीची खिडकी बऱ्यापैकी उघडी असते, १७ ते २० ची किलकिली. आड येतं ते मुख्यतः बाष्प. ऑगस्टमध्ये गिरगावच्या चाळीत टॉवेल दोन दिवस वाळत नाही. तिथून हे जमणार नाहीच. म्हणून तर व्हीएलटी ही युरोपची महादुर्बीण चिलीच्या वाळवंटात, पारानाल डोंगरावर २६३५ मीटर उंचीवर बांधली.

चमकण्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे. आपल्या आसपासच्या तापमानाची वस्तू १० मायक्रॉनजवळच सर्वाधिक प्रारण सोडते. आरसा, घुमट, हवा, सगळंच उजळलेलं, आणि तारा त्यापुढे हजारो पटींनी फिका. यावरची युक्ती किराणा दुकानातली आहे. सुटं तेल देताना दुकानदार आधी रिकामा डबा तोलतो, मग भरलेला, आणि वजाबाकी करतो. तसाच दुर्बिणीचा दुय्यम आरसा सेकंदाला काही वेळा डुलवून एकदा तारा, एकदा शेजारचं रिकामं आकाश टिपतात. आरसा डुलल्यामुळे उरलेली तफावत घालवायला अधूनमधून अख्खी दुर्बीणच थोडी सरकवतात. वजाबाकीने सगळा गोंगाट जात नाही, हे खरं. अंधुक दीर्घिकांसाठी वेबच हवी.

पण वेब सगळं करते हे चूक. तिच्या मिरी या मध्य-अवरक्त उपकरणाची विभेदनक्षमता (जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या ओळखण्याची ताकद) ३००० च्या आसपास. वेगामुळे तरंगलांबी किंचित सरकते, म्हणजे तिला सेकंदाला साधारण १०० किलोमीटरचा वेगफरक कळतो. जमिनीवरच्या टेक्सेस या वर्णपटमापकाची (प्रकाश तरंगलांबीनुसार सुटा करणाऱ्या उपकरणाची) १,००,००० पर्यंत जाते: ३ किलोमीटर! ग्रह घडणाऱ्या तबकडीत वायू कसा फिरतो, हे वर्णरेषेच्या आकारावरून वाचायचं तर हाच बारकावा लागतो. शिवाय वेबचा आरसा ६.५ मीटरचा, मेटिस हे मध्य-अवरक्त उपकरण चिलीतल्या ज्या ईएलटी दुर्बिणीवर बसणार आहे, तिचा ३९ मीटरचा.

आणि चौपाटीवरून संध्याकाळी दिसणारी शुक्राची चांदणी? तिच्याकडे वेब वळूच शकत नाही. सूर्याच्या इतक्या जवळ पाहिलं तर वेबचा ऊन अडवणारा पडदा वेबला सावलीत ठेवू शकणार नाही. शुक्राच्या ढगांवरच्या सल्फर डायऑक्साइडचे नकाशे वर्षानुवर्षं काढले ते टेक्सेसनेच, हवाईतल्या मौना केआ पर्वतावरच्या ३ मीटरच्या दुर्बिणीला जोडून.