‘नव्या मशीनचा नंबर लागेपर्यंत थांबा’ असं सांगू नका

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवरच्या शेकाबद्दल, म्हणजे रेडिएशनबद्दल, एक मजकूर घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय: ‘साधा शेक घेऊ नका. टोमो किंवा सायबरनाइफवरच घ्या. साइड इफेक्ट नाही, कॅन्सर परत येत नाही, पाच दिवसांत मोकळे. नंबर लागेपर्यंत थांबा.’ टोमो (टोमोथेरपी) आणि सायबरनाइफ ही शेक देणारी नवी यंत्रं. एकेक दावा पाहू.

‘साइड इफेक्ट नाही.’ यात थोडं तथ्य आहे. टोमोवर वापरतात त्या आयएमआरटी तंत्रात किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून लाळग्रंथी वाचवता येतात. ब्रिटनमधल्या ९४ रुग्णांच्या पारस्पोर्ट चाचणीत (२०११) वर्षभरानंतर कोरड्या तोंडाचा ठळक त्रास जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होता, आयएमआरटीत ३८ टक्क्यांना. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही तेव्हा या फरकाची किंमत कळते. तरी ३८ म्हणजे शून्य नव्हे, आणि तोंड येणं, चव जाणं तिथेही होतंच.

‘परत येत नाही.’ त्याच चाचणीत आजार आटोक्यात राहण्यात किंवा जगण्यात दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ६० रुग्णांच्या तुलनेतही नाही.

‘टोमोवरच.’ टोमोथेरपी हे आयएमआरटी देणारं एक यंत्र. लिनॅकवरही, म्हणजे शेक देण्याच्या नेहमीच्या यंत्रावरही, आयएमआरटी होते. तेव्हा विचारायचं ते हे: लाळग्रंथी वाचवणारं प्लॅनिंग होणार का, आणि सीटी स्कॅनवर गाठीची हद्द कोण आखणार?

‘पाच दिवसांत.’ पहिल्या उपचारात साधारण ३० ते ३५ शेक, म्हणजे सहा-सात आठवडे. सायबरनाइफसारख्या यंत्रावरचा पाच शेकांचा उपचार मुख्यतः आधी शेक झालेल्या जागी पुन्हा उगवलेल्या लहान गाठीसाठी असतो.

आणि ‘थांबा’. हा शब्द वाचून मला खरंच भीती वाटते. डेन्मार्कच्या डाहांका चाचणीत (२००३) एकूण डोस तोच ठेवून आठवड्याला पाचाऐवजी सहा शेक दिले, उपचार आठवडाभर आधी संपला. पाच वर्षांनी आजार आटोक्यात असलेले ६० टक्क्यांवरून ७० टक्के झाले. विकसनशील देशांतल्या ९०८ रुग्णांच्या अशाच चाचणीत (२०१०) हे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४२ टक्के झालं. नवं मशीन कुठेच आणलं नव्हतं, बदलले ते फक्त दिवस. कॅन्सरच्या पेशी मधल्या काळात वाढतच राहतात. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा, असं म्हणतात ते त्यामुळेच. जिल्ह्याच्या ठिकाणी लिनॅकवर पुढच्या सोमवारी सुरू होणारा आणि मध्ये खंड न पडणारा शेक मिळत असेल, तर माझ्या घरच्या माणसाला मी तिथेच नेईन.