ग्रीन कार्ड म्हणजे फुकट मेडिकेअर नव्हे

‘मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल तर आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळतं आणि पासष्टीनंतर मेडिकेअर लगेच, फुकट. विमा काढून पैसे घालवू नका.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने मुलाला ‘विमा नको’ असं कळवूनही टाकलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा. त्यातलं ‘लगेच’ साफ खोटं आहे. अमेरिकेत नोकरी न केलेल्या आई-वडिलांना ग्रीन कार्डावर तिथे सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर मिळत नाही.

‘फुकट’ त्याहून खोटं. हॉस्पिटलचा खर्च देणारा पार्ट ए फुकट मिळायला स्वतः किंवा जोडीदाराने अमेरिकेत ४० तिमाह्या, म्हणजे सुमारे दहा वर्षं, नोकरी करून कर भरलेला लागतो. मुलाने वीस वर्षं कर भरला असला तरी त्याच्या तिमाह्या इथे चालत नाहीत. मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएसनेच जाहीर केलेले २०२५ चे दर पाहा: पार्ट ए ५१८ डॉलर, डॉक्टरांचा खर्च देणारा पार्ट बी १८५ डॉलर. माणशी, दरमहा. त्या वर्षी दोघांचे मिळून १,४०६ डॉलर. वर डॉक्टरांच्या बिलातला २० टक्के वाटा आपलाच.

‘विमा नको’ हा सल्ला तर घातकच. ग्रीन कार्डावर आल्यापासून ६० दिवसांत मार्केटप्लेसमधून, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून, खासगी कंपनीची पॉलिसी घेता येते. मधुमेह असो की झालेली बायपास, कंपनी नाकारू शकत नाही. मुदत हुकली की थेट पुढचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे सगळ्यांसाठीची वार्षिक नोंदणी. पुष्कळ लोक सवयीने व्हिजिटर इन्शुरन्सच पुढे चालू ठेवतात, आणि त्यात जुन्या आजारांचा खर्च बहुधा मिळतच नाही. आणखी एक गोम: मुलाने टॅक्स रिटर्नमध्ये आई-वडिलांना डिपेंडंट दाखवलं की मार्केटप्लेसच्या हप्त्यावरच्या सरकारी सबसिडीसाठी त्याचंही उत्पन्न धरतात.

इमर्जन्सीत हॉस्पिटल परत पाठवत नाही, एवढं मात्र खरं. १९८६ चा तसा कायदा आहे. पण तो उपचारांपुरता. बिल घरी येतंच.

मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यालाही, साधारण पाच वर्षांची अट आहे. काही राज्यं स्वतःच्या पैशातून आधी देतात, पण त्या भरवशावर विमान पकडू नये.

पाच वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधीच मेडिकेअरसाठी सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याकडे अर्ज करा. त्यासाठी एकूण सात महिने मिळतात. ते चुकले तर पार्ट बीच्या हप्त्यावर उशिराच्या दर पूर्ण बारा महिन्यांमागे १० टक्के दंड बसतो, आणि तो पार्ट बी असेपर्यंत भरत राहावा लागतो.