पाकल्यांच्या काळातला पलंग

फोंड्याजवळच्या आमच्या घरात डास आहेत, ही गोष्ट मी कधीच लपवलेली नाही. मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, असल्यावर डास असणारच, आणि गोव्यात डासांबद्दल कुरकुर करणे हे पावसाबद्दल कुरकुर करण्याइतकेच सभ्य मानले जाते. त्यामुळे आषाढातल्या एका सकाळी माझ्या डाव्या दंडावर तीन लाल गांधी एका ओळीत उठलेल्या दिसल्या, तेव्हा संध्याकाळी खिडकी उघडी ठेवल्याबद्दल घरच्यांना दोन शब्द सुनावून मी विषय संपवला. दुसऱ्या दिवशी गांधी चार झाल्या. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून नवी मच्छरदाणी आणली, तिच्या चारही कडा गादीखाली घट्ट खोचल्या आणि निर्धास्त झोपलो. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारलेल्या त्या तटबंदीच्या आत शत्रू आणि आम्हीच होतो, हे कळायला आणखी पंधरवडा जायचा होता.

शोध लावला तो बायकोने. श्रावणाच्या तोंडावर चादर बदलताना तिला उशीच्या बाजूला बारीक काळे ठिपके दिसले. मी पलंगावर पडून शब्दकोडे सोडवतो, तेव्हा शाई लागली असेल, असे मी सांगितले. तिने ओल्या फडक्याने एक ठिपका पुसला, तो तांबूस होऊन पसरला, आणि निवृत्त शिक्षिकेच्या आवाजात ती म्हणाली, "अहो, निळ्या पेनाची शाई तांबडी कधीपासून झाली?" मग तिने गादीच्या कडेची गोट नखाने उलटी केली. आत जिऱ्याच्या फोलासारख्या पिवळट काती होत्या, खसखशीच्या दाण्यांसारखी पांढरी अंडी होती, आणि अळशीच्या दाण्याएवढे, तसेच चपटे आणि तपकिरी असे तीन ढेकूण उजेडाचा राग येऊन संथपणे शिवणीत शिरत होते. त्यांपैकी एक मी चिरडला. ठेचलेल्या कोथिंबिरीसारखा उग्र, गोडसर वास आला. त्या दिवसापासून महिनाभर मी सोलकढीवरची कोथिंबीर बाजूला काढत होतो.

आता मूळ मुद्दा पलंगाचा. तो मी आणला होता. गोव्यातल्याच साष्टी तालुक्यातल्या एका जुन्या घरातले सामान विकायला निघाले होते आणि तिथे मला हा शिसवी, कोरीव डोक्याचा, वेताने विणलेला पलंग दिसला. "पाकल्यांच्या काळातला," म्हणजे पोर्तुगिजांच्या काळातला, असे विकणारा म्हणाला, आणि त्या एका वाक्यासाठी मी त्याने सांगितलेली किंमत मोजली. वेताच्या विणीला किती छिद्रे असतात आणि जुन्या सुताराने बसवलेल्या सांध्यांत काळानुसार किती फटी पडतात, याचा विचार इतिहासप्रेमी माणूस करत नाही, ढेकूण करतो. सामानाबरोबर प्रवास करणे हाच त्याचा धर्म आहे, कारण त्याला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. हे मी पुढे वाचले आणि बायकोला सांगण्याचे टाळले.

खरे दुःख चावण्याचे नव्हते, ते सांगता न येण्याचे होते. घरात डेंग्यू झाला तर लोक पपईच्या पानांचा रस घेऊन भेटायला येतात. ढेकूण मात्र माणसाला कोणताही रोग देत असल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि त्यामुळेच त्याच्या नावावर सहानुभूती मिळण्याची सोय राहिलेली नाही. स्वच्छ घरातही तो तितक्याच आनंदाने राहतो, कारण त्याला केर नको, आपल्या श्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड आणि अंगाची ऊब पुरते. पण हे स्पष्टीकरण द्यायचे तर आधी ढेकूण झाल्याचे कबूल करावे लागते. गादी बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, टाकलेली पाहून शेजारच्या वयस्क बाईंनी कुंपणावरून विचारले, "कितें रे जालें?" मी घाबरून म्हणालो, की मुलाने ओली केली. मुलगा बारावीत आहे. तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही.

गादी बलकांवात टाकण्याचाही उपयोग नव्हता. ढेकूण आणि त्याची अंडी मरायला सुमारे ५० अंश सेल्सिअसची उष्णता सगळीकडे आणि बराच वेळ लागते, आणि श्रावणात गोव्यातले ऊन गादीला नुसते विचारून जाते. माझ्या लहानपणी वडील खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतत आणि वर डीडीटीची भुकटी टाकत. त्या डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी पर्ल हार्बर येथील ढेकणांनी आपल्याला त्या भुकटीचे काही वाटत नसल्याचे दाखवून दिले होते. मला ढेकणाबद्दल किंचित आदर वाटला तो तेवढाच. रॉकेलचा उपाय मी सुचवला, तेव्हा बायकोने ढेकणांसह घर पेटवायचे आहे का, असे विचारले.

शेवटी औषध फवारणाऱ्यांना फोन केला. त्यांच्या गाडीवर झुरळाचे मोठे चित्र असते, म्हणून ती पाठवू नये, माणसाने साध्या स्कूटरवरून आणि शक्यतो दुपारी दोन वाजता, शेजार झोपलेला असताना यावे, अशी मी विनंती केली. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "पात्रांव, सगळे अशेंच सांगतात." मला एकदम गोवाभर पसरलेल्या एका मूक बंधुसंघाचा भाग झाल्यासारखे वाटले.

तो आला आणि त्याने पलंग सुटा करायला सांगितला. शंभर वर्षे न हललेल्या खुंट्या ठोकताना कोरीव डोक्याला उभी चीर गेली. ढेकणाच्या संगे हिरा भंगला, ही म्हण मी शाळेत वाक्यात वापरली होती. तिचा प्रयोग घरात होताना प्रथमच पाहिला. त्याने सांध्यांत, वेताच्या विणीत, भिंतीवरच्या तसबिरींच्या मागे आणि विजेच्या बटणांच्या पट्टीभोवती औषध मारले. औषधाने अंडी मरतीलच असे नाही, ती आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा यावे लागेल, असे त्याने बजावले. तोवर आम्हांला त्याच खोलीत झोपायचे होते, कारण दुसऱ्या खोलीत गेलो तर उपाशी ढेकूण आमच्या मागोमाग तिथे आले असते. म्हणजे आमची नेमणूक आमिष म्हणून झाली होती. कपडे, चादरी, पडदे गरम पाण्यात धुवायचे, कडक इस्त्री करायची आणि पिशव्यांत बांधून ठेवायचे, हे काम मात्र इतके कंटाळवाणे होते की त्याबद्दल लिहिण्याचीही इच्छा नाही.

दुसरी फवारणी चवथीच्या आठ दिवस आधी झाली. गादीला चेनचे अभ्रे घातले, पलंगाचे पाय भिंतीपासून वीतभर पुढे आणून वाटग्यांत ठेवले. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, सुपाऱ्यांचे घोस, तवशी आणि रानातली फळे बांधताना मी प्रत्येक फांदी झटकून घेत होतो. हे भक्तीचे लक्षण आहे असे समजून ठाण्याहून आलेले माझे मेव्हणे कौतुकाने पाहत राहिले. त्यांना आम्ही तोच पलंग दिला. पाहुण्याला जमिनीवर झोपवणे शक्य नव्हते, आणि पलंगाबद्दल त्यांनी फोनवर फार ऐकले होते.

रात्री तीन वाजता मला राहवले नाही. विजेरी घेऊन मी अनवाणी त्यांच्या खोलीपाशी गेलो. दाराच्या फटीतून आत उजेड हलताना दिसला. दार लोटले, तर मेव्हणे गुडघ्यांवर बसून, एका हातात मोबाइलचा दिवा आणि दुसऱ्या हातात टाचणी घेऊन, अभ्र्याच्या चेनेखाली गादीची गोट उलटी करून पाहत होते. आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

"भावजी," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "रागावू नका. तुमच्याबद्दल शंका म्हणून नव्हे. आमच्याकडे तीन महिने झाले हो, तेव्हापासून कुठेही गेलो तरी पाहिल्याशिवाय झोप लागत नाही."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात माझे लक्ष त्यांच्या बॅगेकडे गेले. ती पलंगावर, उशाशी, उघडी होती.