आईने तमाशा कधी पाहिला?

परवा अमळनेरच्या आमच्या कट्ट्यावर चहा यायच्या आतच मास्तर सुरू झाले. १८८० साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात झालं आणि नाट्यपदांवर जीव टाकणारा प्रेक्षक तयार झाला. बालगंधर्व लहानपणी आपल्या जळगावात मेहबूबखाँकडे गाणं शिकले, हे सांगताना तर त्यांचा आवाजच चढतो. “एकेका पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर! याला म्हणायचं नाटक. तमाशा म्हणजे नुसती करमणूक.”

आप्पा उसळले. “नुसती? मना बाप बैलगाडी जुपीसन सारंगखेडानी जत्राले जाये. घोडा देखाले नही, तमाशा देखाले!”

मग तमाशातला गण सांगून झाला, गवळण झाली, आप्पा बतावणीवर, म्हणजे सोंगाड्याच्या विनोदी संवादांवर आले आणि तिथेच रमले. गावात पाय ठेवल्यापासून सोंगाड्याचा कान गावाच्या बोलण्याकडे. रात्री पाटलाची, सावकाराची नाव न घेता अशी खबर घ्यायचा की ज्याला लागायचं त्याला बरोबर लागायचं. कागदावर त्यातलं काही नसायचं. लोक हसले की बतावणी लांबायची, नाही हसले की वगाला, म्हणजे मुख्य कथेला हात. मला तर वन्स मोअर आणि ही बतावणी एकाच जातीची वाटते. दोन्हीकडे पुढे काय होणार ते समोर बसलेला माणूस ठरवत होता.

“आते कोण जास तमाशाले?” धाकल्या म्हणाला. “मोबाईलमां अहिराणी कॉमेडी भेटस. मनी माय रोज देखस.”

मी आप्पांना विचारलं, “तुमच्या आईने पाहिला होता का तमाशा?”

“बाया? तमाशाले?” आप्पा एवढंच म्हणाले आणि गप्प झाले.

माझ्याही आईने पाहिला नाही. कनातीच्या आत बाई असायची ती फक्त बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर. आईने घराच्या धाब्यावर पडून लांबून ढोलकी तेवढी ऐकली. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका, गौराईची गाणी, श्रावणात कानबाईचं जागरण, हीच तिची रंगभूमी. मास्तर म्हणाले, बालगंधर्वांचं लुगडं नेसणं बायकांनी उचललं होतं. उचललं असेल, पण ते नाटकाला जाता येत होतं त्या घरांतल्या बायकांनी. आमच्या गल्लीतली एकही बाई तिथे पोचली नव्हती.

म्हणून धाकल्याच्या मोबाईलला मी नावं ठेवणार नाही. त्याची माय हसते, हे मोठंच आहे. पण तिचं हसू पलीकडच्या नटाला ऐकू जात नाही, आणि मला तेच हवं आहे. सोंगाड्याने तिच्या हसण्यावर थांबावं, तिच्याकडे बघून पुढचं वाक्य टाकावं.

आप्पा उठता उठता म्हणाले, “औंदा फड उना ते तुन्या मायले लई ये. पुढे बसाडू.”

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून तिने विचारलं, “तठे आखो कोणकोण्या बाया येतीन?”