खच्ची घोड्याचा वारसा : एका प्रतिक्रियेला उत्तर

स्ट्रोलिंग जिम हा अमेरिकेतल्या 'टेनेसी वॉकिंग हॉर्स' जातीचा खच्ची घोडा, तिच्या राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला महाविजेता. त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : "ज्या जातीच्या घोड्यांच्या पायांना रसायनं चोळतात, साखळ्या बांधतात, तिच्या पहिल्या विजेत्याचं एवढं गुणगान? ती चाल नव्हे, वेदना आहे. आणि खच्ची घोड्याचा वारसा कसला? मागे शिंगरू एक नाही."

आधी माझी चूक. लेखात मी "पुढे स्पर्धा वाढत गेली" एवढं एक वाक्य लिहून तीस वर्षांवरून उडी मारली होती. टेनेसी वॉकिंग हॉर्सबद्दल लिहायचं आणि 'सोरिंग'चं, म्हणजे चाल उठावदार दिसावी म्हणून घोड्याच्या पायांना मुद्दाम वेदना देण्याचं, नाव घ्यायचं नाही, हे बरोबर नाही. तुमचा राग त्यासाठी असेल तर मान्य. पण "ती चाल नव्हे, वेदना आहे" हे मात्र मान्य नाही.

या जातीचा मूळ पुरुष ब्लॅक अ‍ॅलन, जन्म 1886. दुडक्या चालीच्या शर्यतींसाठी पैदास झालेला आणि त्यात सपशेल नापास, कारण तो दुडकतच नसे. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायचा. मालक बदलत राहिले. त्याच्या वंशात मात्र तीच खोड गुण ठरली. मध्य टेनेसीतल्या जमीनदारांना दिवसभर शेतांवरून फिरायला न हिंदकळणारा घोडा हवा होता. या जातीच्या खास चालीत, 'रनिंग वॉक'मध्ये, चारही पाय वेगवेगळे पडतात, घोडा कधीच पूर्ण हवेत नसतो आणि मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरून सहा ते अठरा इंच पुढे जाऊन पडतो. प्रत्येक पावलाला मान हलते. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात रेवाल चालीच्या घोड्याचं कौतुक होतं ते याच कारणासाठी : स्वाराच्या पाठीला हिसके बसत नाहीत. 2012 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात डीएमआरटी3 या जनुकातला बदल सापडला. अशा वेगळ्या चालींशी त्याचा थेट संबंध आहे आणि टेनेसी वॉकरांमध्ये तो जवळजवळ सगळ्यांत असतो. शिंगरू आईमागे कुरणात चालतं तेव्हाच ही चाल दिसते. तिथे कसली साखळी आणि कसलं काय!

वेदनेतून येतो तो त्या चालीचा विपर्यास. पुढचा पाय छातीपर्यंत उचलायचा, सगळा भार मागच्या पायांवर टाकून जवळजवळ बसल्यासारखं चालायचं. याला तिकडे 'बिग लिक' म्हणतात. साधारण 1950 च्या दशकापासून प्रेक्षकांना आणि पंचांना तेच आवडू लागलं. मग खुरांखाली पॅडचे थर आले, खुराच्या वरच्या मऊ भागावर मोहरीचा अर्क (आपल्या फोडणीतलं तेल नव्हे, कातडी जाळणारा अर्क), रॉकेल, डिझेल आलं आणि त्या जखमेवर आपटत राहणारी साखळी आली. जमिनीला पाय लागला की आग होते, म्हणून घोडा तो झटक्याने उचलतो. 1970 मध्ये अमेरिकेने याविरुद्ध कायदा केला. कायदा किती चालला ते बघा : 2006 साली टेनेसीतल्या शेल्बीव्हिल गावच्या, याच जातीच्या राष्ट्रीय स्पर्धेत तपासनिसांनी इतके घोडे बाद केले की त्या वर्षी जागतिक महाविजेता ठरलाच नाही.

आता जिम. 1936 चा जन्म, तांबूस रंग. खोगीर चढण्याआधी तो गाडी आणि नांगर ओढत होता. वॉरट्रेस गावच्या फ्लॉइड कॅरथर्सने त्याला स्वारीसाठी तयार केलं. 1939 मध्ये शेल्बीव्हिलला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि तीन वर्षांचा हा माजी नांगऱ्या पहिला महाविजेता झाला. तेव्हा बिग लिक यायचं होतं. पुढच्यांचं पाप त्याच्या माथी कशाला?

आणि खच्ची असण्याबद्दल. तुम्हाला जो उणेपणा वाटतो, मला नेमका तोच मुद्दा वाटतो. विजेत्यांची यादी काढून बघा. 1939 जिम, खच्ची. 1940 आणि 1941 हेन्स पीकॉक, तोही खच्ची. पुढची तीन वर्षं घोड्या : मेलडी मेड, ब्लॅक एंजल, सिटी गर्ल. पहिल्या सहा स्पर्धांत एकही वळू घोडा जिंकला नाही! 1945 आणि 1946 ला मिडनाइट सन आला, तो पहिला. पाठोपाठ दोन वर्षं मेरी गो बॉय. आजच्या वंशावळी उघडल्या की हीच दोन नावं सतत भेटतात. जिमच्या विजयाचा पैदाशीच्या बाजारात काडीचा उपयोग नव्हता; त्याची किंमत त्याच्या पाठीवर बसणाऱ्यालाच. वळू जिंकू लागल्यावर किताब म्हणजे लग्नाच्या बाजारातली पदवी झाली, आणि पदवीला पैसा लागला की कॉपी सुरू होते. सोरिंगचं हे एकमेव कारण नाही, हे मीही जाणतो. पण पैसा कुठून आला हे विचारायचं तर मी बोट इथे ठेवेन, जिमवर नाही.

शिंगरू नाही, खरंच. 1957 मध्ये जिम गेला. वॉरट्रेसच्या वॉकिंग हॉर्स हॉटेलच्या मागे त्याला पुरलंय. 1979 पासून त्याच गावात त्याच्या नावाने माणसं धावतात : 'स्ट्रोलिंग जिम 40'. नावात चाळीस मैल, प्रत्यक्षात एक्केचाळीसच्या वर. ती सुरू करणारा गॅरी कँट्रेल. पुढे त्यानेच बार्कली मॅरेथॉन या अतिखडतर धावशर्यतीचा तो प्रसिद्ध छळ सुरू केला. (इथे छळ सोसणारे स्वखुशीने पैसे भरून येतात, एवढा फरक.)

लेखातलं ते एक वाक्य काढून तिथे सोरिंगवर दोन परिच्छेद घातले आहेत. शीर्षकातला 'वारसा' तसाच ठेवला आहे.